हप्त्याची रंगीत तालीम

दादा,

शोरूमवाला म्हणाला, "तुमच्या पगारात मोटारसायकल आरामात बसेल." मी आधी रंगीत तालीम करायची ठरवली. दर पगाराला हप्त्याएवढे पैसे डब्यात टाकायचे आणि मेलो तरी त्यांना हात लावायचा नाही. तीन महिने जमलं. चौथ्या महिन्यात आईची कवळी तुटली आणि डबा रिकामा झाला. खरा हप्ता असता, तर दारात गाडी असती आणि आई नुसतं पातळ पीत बसली असती. काल तिनं अख्खा पेरू चावून खाल्ला. माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. छापखान्यात चालतच जातो, पण मजेत जातो.

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस, तर स्वतःची गाडी माझ्या दारात लावून तू बसनं परत जाशील.

तुझा पायदळातला भाऊ