बर्फाखालचं शेवाळ

२६ जून २००३, ओमान, सलालाहच्या पुढे

पोचले एकदाची! मस्कतजवळच्या माबेल्यातून निघताना हवा तव्यासारखी होती. बसमध्ये बसून अंग आखडलं, पण डोंगर उतरायला लागलो आणि खिडकीबाहेर धुकं! नारळाच्या बागा पाहून थेट दापोली आठवली. भीमरावला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, मी इथे मस्कतला, गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये भाजतोय आणि तू धुकं खातेयस. कॉलेजपासून हा असाच, माझ्या आनंदावर आधी जळणार, मग हसणार.

संशोधन केंद्र म्हणजे समुद्राला लागून दोन बसक्या इमारती. डॉ. चंद्रहास स्वतः जीप घेऊन आले होते. पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे. पूर्ण नाव दोनदा विचारलं. तो प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा आहे. आडनाव नीट उच्चारून सांगितलं आणि सामान उचललं. त्यांच्या बायकोने, प्रेमाताईंनी, हात धरून आत नेलं. हात फ्रिजमधून काढल्यासारखा गार. मला आमटी-भात वाढला, स्वतः काही खाल्लं नाही.

२ जुलै

काम सुंदर आहे. खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, वाऱ्याने इथे खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं आणि या तापलेल्या देशाच्या किनाऱ्याशी माझ्याहून उंच तपकिरी शेवाळाचं रान उभं राहतं. थोडे महिने टिकतं, मग जातं. आज त्यात पोहले. रत्नागिरीच्या खडकांवर इतकी वर्षं घालवली, असं कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा भाग शीतखोलीत. चंद्रहास सरांनी उत्तर ध्रुवाकडून आणलेलं शेवाळ तिथे बरण्यांत आहे. समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला ते तपकिरी सायीसारखं धरतं आणि महिनोन्‌महिने अंधारात जगतं. थंडीतली ही दोन शेवाळं उष्णता कशी सोसतात, हे मला मोजायचं आहे. खोलीत सतत गार तुषार उडतात. मी मास्क मागितला. सर हसले, म्हणाले, शेवाळ आहे ते, रोग नव्हे. ते स्वतः मात्र आत येत नाहीत. दाराच्या काचेबाहेर उभं राहून सूचना देतात.

१० जुलै

प्रेमाताई दिवसभर बर्फाच्या बादलीत पाय घालून बसतात. विचारलं तर थायरॉइड म्हणाल्या. नखांखाली तपकिरी रेघा आहेत. माझ्याकडून घरच्या गोष्टी मात्र भुकेल्यासारख्या ऐकतात. आईच्या हातच्या भाकरीपासून बाबांच्या वाचनालयापर्यंत सगळं सांगून झालं. आज उठताना त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि एकदम काढून घेतला. सर तर त्यांच्यापासून चार हात लांबच बसतात.

मला खोकला झालाय. दमट हवेचा असेल.

१७ जुलै

खोकल्यातून तपकिरी पडलं. सवयीने काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बरणीतलंच शेवाळ. साखळ्या धरलेलं, जिवंत.

धावत सरांकडे गेले. ते दचकले नाहीत. थंडी वाजते की उकडतं, एवढंच विचारलं, मग नमुन्यासाठी बाटली पुढे केली. मी डॉक्टरकडे न्या म्हणाले. तर सर म्हणाले, इन्शाल्ला, खरीफ संपली की.

२० जुलै

प्रेमाताईंनी सगळं सांगितलं. खडकांवर, धुक्यात, माझ्याकडे न बघता.

दोन वर्षांपूर्वी बरण्या धुताना ते त्यांच्या छातीत गेलं. काचेत ते उष्णतेने मरतं, त्यांच्यात मात्र वाढलं. सरांना आयुष्यभर हवा होता तो शोध घरातच मिळाला. पण एका शरीरावरून काही सिद्ध होत नाही. दुसरं मिळालं की तुला मस्कतला इस्पितळात नेईन, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं.

“तुला वाढत होते ना पहिल्या दिवशी, तेव्हाच मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “माफ कर म्हणत नाही. मला फक्त एकदा ऊन सोसवायला हवं होतं गं.”

मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे नंतर मनात आलं, आणि त्याचाही राग आला.

२२ जुलै

प्रेमाताई गेल्या. सकाळी समुद्रात शिरल्या. कोळ्यांनी बाहेर आणलं. चेहरा शांत होता.

सरांनी चादर घालण्याआधी त्यांच्या तोंडाशी वाकून नळीने नमुना घेतला. मी ओरडले. त्यांनी बाटलीचं बूच नीट लावलं.

सरांकडे ठेवलेला माझा पासपोर्ट मागितला. करार संपू दे, म्हणाले. मीच का, विचारलं. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, “तुमच्यासाठी दूतावासात कोणी फोन फिरवेल असं वाटलं नाही.”

भीमरावला फोन केला. नीट बोलताच येईना. आजारी आहे, न्यायला ये, एवढं जमलं. अर्बाबची, त्याच्या मालकाची, पिकअप घेतो म्हणाला, निघालोच.

२३ जुलै, सकाळ

बाहेर राहवत नाही. धुक्यातलं ऊनही भाजतं. शीतखोलीतच बरं वाटतं — लाज वाटते लिहायला, पण बरं वाटतं.

सर खोकतायत. नळी धरून वाकले होते ना. काचेपलीकडे बसलेत, स्वतःचीच काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. रडतायत. मला हसू आलं. तोंडातून पाणी आलं, तपकिरी.

म्हणजे बरण्याच नाहीत फक्त. श्वासातूनही —

भीमराव.

२३ जुलै, दुपार

त्याचा फोन लागला. आवाज नाही माझ्याकडे. घशात नुसतं पाणी गुडगुडतं. तो हॅलो हॅलो करत राहिला. म्हणाला, घाबरू नकोस रचना, घाट उतरतोय.

दाराला आतून कडी घातली.

नंतर

गाडी आली. मला हाका मारतोय. सर त्याला काहीच सांगत नाहीत, बोट दाखवलं फक्त — इकडे.

काचेपाशी आलाय. दाढी वाढलीय. डोळे लाल. हसला मला बघून.

हातवारे केले, जा म्हटलं. त्याला वाटतंय मी कोंडलेली आहे. पहार आणायला गेला —

वहीच लावते काचेला. मोठ्या अक्षरात.

भीमराव दार फोडू नकोस

वाचत नाहीये. काच माझ्याच श्वासाने तपकिरी होतेय, पुसली, परत तेच, पुसते आणि —

बिजागरी हलली

तोंड बांध भीमराव आधी तोंड बांध माझ्या जवळ येऊ न