ट्रकचं डावं वळण आणि तुमच्या दोघी बहिणी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (गेले दोन आठवडे मी तसाही जमिनीवर आडवाच आहे, पण ट्रकखाली आणि उताणा). मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला थांबला असं धरून चालतो. नसता थांबला तर इथवर ऐकू आला असता.

तर, ट्रक. तुमची भाचेसून जनावरांची डॉक्टर, आणि तिची निम्मी जनावरं डोंगरावर, जिथे रस्ता अर्ध्यात पोचून विचार बदलतो. म्हणून मी आपल्या जुन्या छोट्या ट्रकला मोठी चाकं आणि दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. इंजिन बसलं, ते जरा जास्तच बसलं. त्याच्या पोटाखालचं तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याला अडायला लागलं. उजवीकडे गाडी लोण्यासारखी वळे, डावीकडे वळवली की टण्. मी घरात अवाक्षर काढलं नाही. डावीकडे जायचं तर तीनदा उजवीकडे वळायचं, साधं गणित आहे. चार दिवस निभावलं (गाव एवढं मोठं कधी झालं, असं हिने एकदा विचारलं, तेवढंच).

पाचव्या दिवशी सकाळी डोंगरावरून निरोप आला, गाय अडली आहे. आई आणि मावशी, म्हणजे तुमच्या दोघी बहिणी, हवा खायला म्हणून निघाल्या. पुढच्या बाकावर आम्ही चौघं, काडेपेटीतल्या काड्यांसारखे. निम्मा डोंगर चढलो आणि समोर डावं वळण, उजवीकडे दरी. तीनदा उजवीकडे वळायचं म्हटलं तर पहिल्यालाच प्रवास संपला असता. टण् झालं. मी सगळं कबूल केलं.

हिने कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि ट्रकखाली शिरली. वळून बसलेलं वासरू चाचपावं तसं तिने सगळं चाचपलं आणि खालूनच म्हणाली, "नुसतं ओढून काय होणार? आधी जागा करावी लागते. पुढचं वजन मागे गेलं की नाक उचलेल, मग दांड्याला वाट मिळेल." बाहेर येऊन तिने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी आई आणि मावशीकडे पाहिलं. मामा, काही वाक्यं अशी असतात की ती बोलायला माणूस सापडत नाही. शेवटी आईच म्हणाली, "बघत काय बसलात? कुठे बसायचं ते सांगा."

दोघी पार मागच्या फळीवर जाऊन बसल्या. ट्रकचं नाक दोन बोटं वर आलं, मी श्वास रोखून चाक फिरवलं आणि गाडी डावीकडे वळली. मावशीला एवढा चेव आला की पुढचं प्रत्येक वळण ती मागून ओरडून सांगत होती, सरळ रस्त्यावरसुद्धा.

घरी परतल्यावर इंजिनाखाली लोखंडी ठोकळे घालून ते वर उचललं. मग स्टिअरिंगचा उभा दांडा सायलेन्सरच्या पाइपला घासायला लागला, तो कापून मध्ये दोन सांधे घातले. मग बॉनेट लागेना, त्याला भोक पाडलं. आता इंजिन डोकं बाहेर काढून रस्ता बघतं, पण गाडी दोन्हीकडे वळते. तुमच्या बहिणी मात्र नाराज आहेत. आपली गरज संपली असं त्यांना वाटतं.

मामींना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपायला सांगा.

तुमचा भाचा

ता.क. गायीचं राहिलंच. आम्ही पोचलो तेव्हा वासरू उभं राहून दूध पीत होतं. मालक म्हणाला, "बरं झालं आलात, चहा टाकतो."

ता.क. आणखी एक. तुमची पान्यांची पेटी चोरली म्हणून तुम्ही शेजारच्या काकांशी सहा महिने बोलत नाही, असं मामी म्हणाल्या. ती पेटी माझ्याकडे आहे. तुम्ही झोपला होतात म्हणून विचारलं नाही. कृपया त्यांच्याशी बोलायला लागा, आणि लवकर लागा, कारण पेटीत चौदाचा पाना नाही. तो खरंच त्यांनीच नेला असावा. तेवढा मागून इकडे पाठवा.