संत अंतोनी दुर्गाघाटावर

दुर्गाघाट, वाराणसी
२ मे १९९४

श्रीमती मोनिकाबाई तुस्कानो यांस,
शरदिनी ताम्हणकरचा स. न. वि. वि.

आपली भेट एकदाच झाली, पाच वर्षांपूर्वी, इथल्या कचेरीत, आपल्या पास्कलचं आणि आमच्या पद्माचं लग्न लागलं तेव्हा. आपण मला नारळाची वडी दिली होतीत. उपास आहे असं खोटंच सांगून मी ती पदरात बांधली आणि घरी येऊन खाल्ली. चांगली होती. हे कळवायचं पाच वर्षं राहून गेलं.

आज लिहिण्याचं कारण निराळं आहे. आमच्या देवघरातला बाळकृष्ण नाहीसा झालाय. अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगता. ह्यांच्या पणजोबांनी कोकणातून काशीला येताना आणलेला. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हे पूजेला बसले तर ताम्हनात एक देव कमी. पहिला संशय बंदरांवर, म्हणजे माकडांवर, गेला, कारण इथे चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळं तेच नेतात. दोन दिवस मी शेजाऱ्यांच्या छतांवर फिरले. एक चष्मा सापडला, देव नाही.

आता ह्यांनी पण केला आहे की देव परत येईपर्यंत अन्न नाही. दिवसातून एकदा दूध आणि फळ. वय शहात्तर. परवा म्हणाले, मुलगी किरिस्तावांच्या घरी गेली तेव्हाच तो जायचा, आता गेला. पाच वर्षांत 'मुलगी' हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला, तेवढीच जमेची बाजू.

पद्माने मागे लिहिलं होतं की हरवलेलं शोधून देणारा एक संत आपल्याकडे आहे, आणि त्याने तुमची म्हैस शोधली होती. तो धर्माबाहेरचं काम घेतो का, हे कळवावं. पद्माला मात्र यातलं काही बोलू नये. ती रडत येईल आणि हे छतावर जाऊन बसतील.

ओळख थोडी आणि मागणं मोठं, तरी राग नसावा.

आपली,
शरदिनी

गिरीज, वसई
१० मे १९९४

ख्रिस्तात प्रिय शरदिनीताई,
सप्रेम जय ख्रिस्त.

वडी खाल्लीत हे वाचून बरं वाटलं. मी समजत होते, कचेरीबाहेरच्या गाईला घातली असेल.

म्हैस नव्हे, पारडू होतं. पण शोधलं संत अंतोनीनेच, तेही धाक दाखवल्यावर. बाकीच्या संतांना मेणबत्ती पुरते. घसा दुखला तर संत ब्लेझ, डोळ्यांना संत लुसी, बिचारे मुकाट्याने कामं करतात. अंतोनी विनंतीने हलत नाही. त्याला तांदळात उलटा रोवून ठेवायचा, डोकं खाली. तरी ऐकलं नाही तर त्याच्या हातातलं बाळ, म्हणजे बाळ येशू, काढून घ्यायचं आणि काम झाल्यावरच परत द्यायचं. १३ जूनला त्याचा सण. त्याच्या आधी आमच्याकडच्या लग्नाच्या मुली त्याचे फार हाल करतात. माझ्या बहिणीने नवऱ्यासाठी त्याला तीन आठवडे विहिरीत टांगला होता. मग मिळालेला नवरा पाहून पुन्हा टांगला.

आमचे फादर दरवर्षी प्रवचनात सांगतात की ही अंधश्रद्धा आहे. मागच्या वर्षी त्यांच्या स्कूटरची किल्ली हरवली, तेव्हा संत मोकळा आहे का म्हणून विचारायला आले होते.

धर्माबाहेरचं म्हणाल तर हा माणूस जन्मला लिस्बनला, मेला इटलीत आणि गिरीजला पारडं शोधतो. त्याला काशीचं काय. पण ताई, यजमानांना एक सांगा. पाच वर्षांनी रुसून निघणारा देव फारच सावकाश चालतो. रांगता आहे म्हणालात, त्यामुळे असेल.

पास्कलच्या बँकेतले एक गृहस्थ वडिलांच्या पिंडदानासाठी गयेला चाललेत, वाटेत काशीला उतरतील. त्यांच्या हाती माझ्या घरचा अंतोनी पाठवते. वीतभर आहे, लाकडी. त्यांना मी गुडघ्याचं तेल म्हणून सांगितलंय, उघड करू नका. काम झालं की सणाला कुणा भुकेल्याला भाकरी द्यायची, एवढीच त्याची फी.

पद्माशी गप्प राहणं मला जड जाईल, पण राहीन. पत्राची वाट बघते.

तुमची,
मोनिका

दुर्गाघाट
२४ मे १९९४

प्रिय मोनिकाताई,
स. न. वि. वि.

तेलाची बाटली पोचली. नऊ दिवस झाले, आपले संत माझ्या तांदळाच्या डब्यात पाय वर करून आहेत. रोज तांदूळ काढताना मी त्यांची क्षमा मागते आणि लगेच कामाची आठवणही देते.

मंगळवारी हे स्नानाहून येताना घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले. दोन मल्लाह नावाड्यांनी उचलून घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर महिनाभरात मला बोलावू नका, देवांनाच बोलवा. हे त्यावर म्हणाले, तेच तर गेलेत. मग मीही मागेपुढे पाहिलं नाही. अंतोनीच्या हातातून बाळ उपटलं. खिळीवर होतं, सहज निघालं. सुपारीच्या डब्यात लपवलं.

पण काल सगळं कळलं, आणि संतांचा त्यात काही दोष नाही. हे निर्माल्य घेऊन घाटावर निघाले तेव्हा पडतील म्हणून मी मागोमाग गेले. ह्यांनी परडी पाण्यात उलटी केली. फुलांबरोबर पूजेची पळी गेली. मी बघत होते, हेही बघत होते, पण ह्यांना दिसलं नाही. घरी येऊन दुपारभर पळी शोधली. बंदर आला होता का म्हणून मला दोनदा विचारलं. संध्याकाळी विचारलं, रत्नाकर कधी येणार. रत्नाकर माझा भाऊ. त्याला जाऊन आठ वर्षं झाली, अग्नी ह्यांनीच दिला होता.

म्हणजे बाळकृष्णही तसाच गेला. मी ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर एकाच वेळी दोन गोष्टी कळतील, देव आपल्या हातून गेला आणि हात आता आपला राहिला नाही. दुसरी ह्यांना सोसायची नाही. पण न सांगावं तर हे जेवत नाहीत. मला काही सुचत नाही.

अंतोनींना आता सरळ उभं करते. आपण मात्र उलट टपाली लिहावं.

आपली,
शरदिनी

गिरीज
१ जून १९९४

प्रिय ताई,
जय ख्रिस्त.

पत्र वाचून मी विहिरीवर जाऊन बसले, पद्माला तोंड दिसू नये म्हणून. माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटी ती मला शेजारीण समजून माझ्याच तक्रारी मला सांगायची. त्यातल्या बऱ्याच खऱ्या होत्या.

सल्ला काय देऊ. खोटं बोलायचं तर बोला, देव आणि संत दोघेही आपल्याला ओळखतात. बाजारातून दुसरा बाळकृष्ण आणून कुठेतरी सापडवता येत नाही का, बघा. अंतोनीला गंगेत बुडी मारायला सांगू नका, तो पोहणारा नाही. त्याचं बाळ तेवढं परत द्या, सण जवळ आलाय आणि रिकाम्या हाताने तो फार ओशाळा दिसतो.

यजमानांपेक्षा मला तुमची काळजी जास्त वाटते. तुम्ही जेवता ना, ते लिहा.

तुमची,
मोनिका

दुर्गाघाट
१२ जून १९९४

प्रिय मोनिकाताई,
स. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही, तेव्हा घडलं तसं लिहिते.

ठठेरी बाजारातून नवा बाळकृष्ण आणायचा बेत मीही केला होता. पण त्याआधीच, गुरुवारी सकाळी, हे पळी शोधत स्वयंपाकघरात आले आणि सुपारीचा डबा उघडला. मी अंगणात होते. आतून हाक आली, सापडला. गेली पाच वर्षं तो आवाज मी ऐकला नव्हता. धावत गेले तर ह्यांच्या तळहातावर आपलं बाळ.

मी काही सांगायच्या आत ह्यांनी ते देवघरात नेलं, दूध-मधाचा अभिषेक केला, पुरुषसूक्त म्हटलं, अक्षर चुकलं नाही. मग पान वाढायला सांगितलं. वरणभात दोनदा घेतला आणि कैरीची चटणी का नाही म्हणून रागावले. मी भिंतीकडे तोंड करून रडले, कांदा नसताना.

आता ते बाळ सिंहासनावर आहे. गुलाबी गाल, घोट्यापर्यंत झगा, हात असा वर की जणू रिक्षा थांबवतंय. हे म्हणाले, रांगायचं सोडून बसायला लागला, मोठा झाला. बालाजी घाटावरच्या बायका दर्शनाला येऊन गेल्या. एकीने सांगितलं, चेहऱ्यावर तेज आलंय.

आपल्याकडे हे पाप आहे का. आमच्याकडे आहे का, तेही मला ठाऊक नाही. शास्त्र ज्यांना विचारायचं तेच पूजा करताहेत. उद्या सणाला घाटावरच्या एका अंध म्हातारीला पोटभर पुऱ्या घालते. माझ्या हातून घडलेल्या या घोटाळ्याची शिक्षा द्यायची असेल ती द्या, पण बाळ मागू नका.

आपली,
शरदिनी

गिरीज
१८ जून १९९४

प्रिय ताई,
जय ख्रिस्त.

मी इतकी हसले की पद्माने विचारलं, कुणाचं पत्र. मी सांगितलं, विमा कंपनीचं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पापाचं फादरना विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल. माझं म्हणाल तर त्या पोराचा जन्म गोठ्यात झाला, मग हेरोद राजाच्या भीतीने आईबापांबरोबर परदेशात पळावं लागलं. मध-दुधाने अंघोळ त्याला कुणी घातल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. राहू द्या त्याला. फक्त लाकडी आहे, रंग जाईल, तेवढं जपा.

शिक्षा म्हणून रोज दोन्ही वेळा पोटभर जेवायचं. तुम्ही माझ्या आधीच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीत, ते माझ्या लक्षात आहे.

तुमची,
मोनिका

दुर्गाघाट, काशी
२६ जून १९९४

श्रीमती मोनिकाबाई यांस,
यज्ञेश्वर ताम्हणकर याचा स. न. वि. वि.

या घरातून आपल्याकडे पत्रे जातात हे पोस्टमनमुळे कळते. त्यांत काय असते ते मी विचारलेले नाही.

सोबत, स्वयंपाकघरात सापडलेले आपले संत परत पाठवीत आहे. त्यांचा हात रिकामा आहे. बाळ पाठवीत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आपण दोघी समजता तितके माझे डोळे गेलेले नाहीत. साठ वर्षे देव धुतलेल्या हाताला पितळ आणि लाकूड कळते. हाताने चूक केली असती तरी अभिषेकाच्या वेळी तो ताम्हनात तरंगला. परंतु तोवर मी सापडला असे ओरडून बसलो होतो आणि दारात शरदिनी उभी होती. दीड महिना मी अन्न सोडले तेव्हा तीही अर्धपोटीच उठत होती आणि मला कळत नाही असे समजत होती. तिचे तोंड पाहून शब्द मागे घेववेना. म्हणून जेवलो. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून ठेवणार होतो. पण एकदा भरवलेले पोर उपाशी कसे ठेवावे. दुधाने त्याचे गाल धुपू लागले, तेव्हा आता तुळशीच्या पानाने पाणी शिंपडतो.

आमचा बाळकृष्ण माझ्याच हातून निर्माल्याबरोबर गेला असणार. माघापासून गोष्टी निसटत आहेत. वेद आहेत, सकाळी जेवलो का ते नाही. परवा गल्लीत उभा राहिलो आणि घर कोणते ते आठवेना. ओळखीच्या कुत्र्यामागून आलो. हे शरदिनीला सांगितलेले नाही. आपणही सांगू नये, ती घाबरेल.

आता विनंती. पद्मेला पाठवावे, जावयांसह. पाच वर्षांपूर्वी तिला मी जे बोललो ते दुर्दैवाने शब्दशः आठवते. तेही जाईल. जाण्याआधी तिची क्षमा मागायची आहे. नंतर मागितली तर ती कशाची, हे मला सांगता येणार नाही.

वयाने आणि हट्टाने मोठा, म्हणून एवढे मागून घेतो.

आपला,
यज्ञेश्वर

गिरीज, वसई
४ जुलै १९९४

श्री. यज्ञेश्वरराव यांस,
मोनिकाचा सप्रेम नमस्कार.

संत पोचले. एकटे आहेत, पण तब्येत चांगली आहे.

आपण लिहिलंत ते माझ्यापाशी राहील. लोकांची गुपितं ऐकून घेणं हे खरं तर आमच्या फादरचं काम. गेले दोन महिने ते मीच करतेय, आणि तेही ताम्हणकरांच्या एकाच घराचं.

पद्माला पत्र दाखवलं नाही. वडिलांनी बोलावलंय, एवढंच सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. हातही न धुता तशीच ट्रंक काढायला धावली आणि सगळ्या साड्या उपसून भरल्या. आता ट्रंकेला आणि तिला दोघींना मासळीचा वास आहे. धुवायला सांगितलं तर ऐकत नाही, तिला भीती वाटते की तेवढ्यात आपला विचार बदलेल.

पंधरा तारखेच्या गाडीने दोघं निघतील, रविवारी सकाळी दारात असतील. नाक मुरडायचं असेल तर शनिवारीच मुरडून घ्यावं. रविवारी तिला आधी आत घ्या, अंघोळीचं नंतर बघता येईल.

आपली विहीण,
मोनिका