सातव्या पायरीखालची हवा

वडगाव रासाई, ४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नालीस आप्पाचे आशीर्वाद.

तुझ्या वसतिगृहात मोबाईल चालत न्हाई, म्हणून हे पत्र. मळ्यातली जुनी विहीर साफ करायला घेतलीया. शुक्रवारी तुझा भैरूकाका गाळ काढायला उतरणार. कामाआधी तुझ्या आईनं पूजा करून बादलीत पणती सोडली. वारं न्हाई, तरी सातव्या पायरीशी विझली. तीनदा लावली, तीनदा तिथंच विझली. परवा आपला कुत्रा खाली गेला, त्यो तळाशी निजल्यावानी पडलाय. अंगावर ओरखडा न्हाई. आई म्हणती, खाली कुणीतरी हाय. भैरू हसतो. तू सायन्सवाली, तुला काय वाटतं?

जेवणाचे नखरे करू नको.

आप्पा


शिरूर, ७ फेब्रुवारी

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. मॅडमच्या फोनवरून लावला, तुमचा लागेना. वसतिगृहातल्या कुशामावशी एसटीनं आपल्या गावी निघाल्यात, त्यांच्या हाती देते. आज शुक्रवार, काकांना उतरू देऊ नका.

पालापाचोळा कुजून कार्बन डायऑक्साइड होतो. कार्बनचं अणुवस्तुमान बारा, ऑक्सिजनचं सोळा, ते दोनदा. बेरीज चव्वेचाळीस. म्हणजे त्याचा एक मोल चव्वेचाळीस ग्रॅम भरतो. हवेचा साधारण एकोणतीस. मोल म्हणजे डझनासारखी ठरलेली संख्या. दोन्हीकडं कण तेवढेच, जागा तेवढीच, पण हा वायू दीडपट जड. म्हणून तळाशी पाण्यासारखा साचतो. दिसत नाही, वासही नाही. सातव्या पायरीला त्याची कड आहे.

कुणी उतरलंच, तर सोडवायला मागोमाग जाऊ नका. वरून ओढा.

लेकीचं एवढं ऐका.

स्वप्नाली


वडगाव रासाई, ११ फेब्रुवारी

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून पळतच गेलो, तवर भैरू उतरला व्हता. कमरंला दोर व्हता, म्हणून निभावलं. सातवीच्या खाली दोन पायऱ्या गेला, थांबला, आन् कुणी पाव्हण्याला बसा म्हणावं तसा शांत बसला. मी हाका मारल्या. त्यानं वर बघितलं, पर डोळ्यांत वळख न्हाई. माझा एक पाय आत पडला व्हता. तुझं ‘मागोमाग जाऊ नका’ आठवलं, पाय मागं घेतला. मी आन् तुझ्या आईनं दोर वढला.

काल दवाखान्यातनं घरी आणलाय. म्हणतो, तोंडात सोडावॉटरवानी आंबट लागलं, मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. झोप लई गोड लागली म्हणतो. मला वर कशाला वढलं, असं बी इचारतो.

विहिरीवर लोखंडी जाळी टाकलीया. त्यो जाळीपाशी जाऊन बसतो, खाली बघत. सुट्टीला आलीस की त्याला तुझा हिशेब समजावून सांग. मला पटलाय. त्याला न्हाई पटत.

लवकर ये. माया हायच.

आप्पा