चार वायरी, एकेक गाठ

प्रिय फिरकी,

आई शिवलेले कपडे पोचवायला गेली आहे, तासभर तरी परत येत नाही. तेवढ्यात हे लिहून टपालपेटीत टाकायचं आहे. फोनवर मला हे जमणार नाही. फोन हातात आला की मी चेष्टामस्करीवर उतरतो, आणि तू एकदा हसलीस की माझं गाडं तिथेच अडतं. माझं अक्षर लागत नाही ही तुझी जुनी तक्रार, म्हणून आज अगदी सावकाश लिहितो आहे.

गुरुवारी मी घाईघाईने फोन करून तुला गाडी जागेवरून हलवू नकोस म्हणालो. ब्रेक पॅडच्या त्या मालातच खोट निघालीय, चाकं उघडून तपासून घे, असं काहीतरी सांगितलं. ते साफ खोटं होतं. पॅड उत्तम होते. आता मुळापासून सांगतो, मध्येच रडू नकोस आणि मला रडवूही नकोस.

रविवारी तू पिल्लूला घेऊन आलीस, मी तुझ्या गाडीचे पुढचे पॅड बदलले, तुम्ही जेवून गेलात. सोमवारी सकाळी आपली म्हातारी गाडी सुरू केली तर ती उभ्या जागी थरथरत होती. रस्त्यावर नीट पळायची, पण सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवर हात ठेववेना. खरं सांगू, मला आनंदच झाला. रिटायर झालेल्या मेकॅनिकला घरबसल्या असं काम मिळणं म्हणजे चैनच की. म्हटलं, प्लग काळे झाले असतील, काढून साफ करू, तासाभरात मोकळे.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. चार प्लग, चार वायरी, आणि कुठली कुठे हे चुकलं की इंजिनाचा ताल गेलाच. म्हणून वायर काढण्याआधी तिला आईच्या मशीनचा पांढरा दोरा बांधायचा. पहिलीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्याला दोन, तिसरीच्याला तीन, चौथीच्याला चार. चाळीस वर्षं मी हेच केलं. गॅरेजमधले लोक मला शिंपी म्हणायचे, आणि आईला वाटायचं तिचा मान आहे. तू आकडे शिकलीस तेही त्या गाठींवरच. सहा वर्षांची असताना एकदा तू सगळ्या गाठी सोडून आपल्या मनाने नव्या मारून ठेवल्या होत्यास, आणि मी अख्खी दुपार त्या गाडीपुढे डोकं धरून बसलो होतो. तुला ओरडलो होतो तेव्हा. ते राहून गेलंय, आता माफ कर.

सोमवारी प्लग साफ करून बसवले, चावी फिरवली, तर गाडी आधीपेक्षा वाईट. आधी थरथरत होती, आता गदगदा हलायला लागली. मंगळवारी कार्ब्युरेटर खोलून धुतला. बुधवारी हवेची एक नळी चिरल्यासारखी दिसली, ती बदलली. फरक शून्य. आई खिडकीशी मशीन चालवता चालवता हे सगळं बघत होती. जगाच्या गाड्या ताळ्यावर आणल्यात आणि घरचीच ऐकत नाही का, म्हणाली. मी हसलो. पण तिने नंतर हळूच माझ्या हाताकडे पाहिलं, ते मला दिसलं. आठवड्यापूर्वी तिला ऑइल बघायची पट्टी कपड्यांच्या कपाटात सापडली होती, आणि ती पट्टी पुसून गाडीत ठेवून आली होती. तेही मी पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी जुनाच उपाय केला. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेक वायर उपटून बघायची. वायर काढूनही आवाज बदलला नाही, तर ते सिलिंडर मुळात चालतच नव्हतं असं समजायचं. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी काढली, काही नाही. तिसरी काढली, काही नाही. मधली दोन्ही मेलेली, म्हणजे त्यांच्या वायरींची अदलाबदल झालेली. नवशिक्यांनी करायची चूक ही. मी इंजिन बंद केलं, चष्मा पुसला आणि दोऱ्यांच्या गाठी मोजायला वाकलो.

चारही दोऱ्यांना एकेकच गाठ होती.

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? फिरकी येऊन गेली वाटतं. मी मागे वळून तुला शोधलं गं. ओरडायला तोंडसुद्धा उघडलं होतं. मग आठवलं की तुझीच लेक आता सात वर्षांची आहे. आणि मग त्या गाठींचा अर्थ लागला. मी पहिल्या वायरीला एक गाठ मारली. मग ती मारल्याचं विसरलो आणि दुसरीला पहिली समजून पुन्हा एक मारली. असं चार वेळा. सोमवारी कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की एक, दोन, तीन, चार अशा गाठी मारल्या आहेत. मला तर त्या मारताना बोटांना जाणवल्याचंही आठवत होतं.

हात काळे झाले होते. पुसायला फडकं काढावं म्हणून खिशात हात घातला तर फडक्याबरोबर चाकाचा एक नट निघाला. आपल्या गाडीचे नट लहान असतात. हा मोठा होता, चकचकीत टोपीचा. तुझ्या गाडीचा. रविवारी आईने जेवायला हाक मारली तेव्हा मी डावं चाक लावत होतो एवढंच आठवलं. त्यानंतर मी पाना हातात घेतला की नाही, ते काही केल्या आठवेना. चार दिवस तू त्याच गाडीतून पिल्लूला शाळेत सोडत होतीस, आणि शुक्रवारी तुम्ही मोठ्या रस्त्याने तिच्या आत्याकडे जाणार होतात. अंगणातून फोनपर्यंत मी कसा आलो ते मला माहीत नाही.

काल तुझा फोन आला. मेकॅनिकला चार नटांच्या जागी तीनच मिळाले, आणि तेही पाना न लावता नुसते हाताने फिरवलेले, हे तू अगदी हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलंस. मग म्हणालीस, "बाबा, त्याने विचारलं चाक कुणी बसवलं. मी सांगितलं, रस्त्यावरच्या कुणीतरी." मी म्हणालो, बरं केलंस, असल्या लोकांच्या हातात गाडी देऊच नये. आपण दोघं हसलो.  पॅडमध्ये खोट नव्हती हे तुला कळलं होतं, आणि तुला कळल्याचं मला कळलं होतं.

तुझ्या बापाला कुणी घाबरट म्हटलेलं नाही. एकदा जॅक सरकून गाडी माझ्या छातीपासून चार बोटांवर येऊन थांबली होती, तेव्हाही मी घाबरलो, पण ती भीती चहा पिईपर्यंत उतरली. ही उतरत नाही. गुरुवारी दुपारी मी त्या दोन वायरींच्या जागा बदलल्या, गाडी सुरू केली. इतकी शांत चालली की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हिंदकळला नसता. आई बाहेर येऊन म्हणाली, झालं ना शेवटी? आणि मला दुरुस्त झालेल्या इंजिनाच्या आवाजाची आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. ते नीट चालतंय यावर विश्वास कुणाच्या भरवशावर ठेवायचा? माझ्या? आता घराचं दार लावलं तरी तीनदा परत जाऊन बघतो, आणि तीनदाच गेलो की चारदा याचाही हिशेब लागत नाही.

त्याहून मोठी भीती वेगळी आहे. या सहा महिन्यांत मी ओळखीपाळखीत कुणाकुणाच्या गाडीला हात लावला याची यादी करायला बसलो. तीन आठवल्या. समोरच्या मास्तरीणबाई, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि आईच्या मैत्रिणीचा जावई. तिघांनाही तीच खोटी कहाणी सांगून गाड्या तपासायला पाठवल्या. पण चौथी असेल तर? तिच्या मागच्या सीटवरही कुणाचं तरी पिल्लू बसत असेल. मी दोन दिवस डोकं पिळतोय, आणि ज्या डोक्याला विचारतोय तेच दगा देतंय.

म्हणून हे पत्र. आई खिडकीतून सगळं बघते, तिला एकूणएक गाडी आठवत असेल. पण तिला विचारायचं तर का ते सांगावं लागेल, आणि तेवढं धैर्य माझ्या एकट्याकडे नाही. तू ये. तिच्याजवळ बसून ती यादी पुरी कर. पान्यांची पेटी जाताना घेऊन जा, मी कितीही आरडाओरडा केला तरी. येत्या बुधवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलंय, तिथे माझ्या शेजारी बस आणि ते सांगतील ते माझ्यासाठी लक्षात ठेव. आणि पिल्लूने हट्ट केला तरी तिला मी चालवत असलेल्या गाडीत बसू देऊ नकोस. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाकिटाला आईचा पांढरा दोरा बांधलाय, एक गाठ मारून. पहिलं पत्र, एक गाठ. पुढच्या आठवड्यात असंच पत्र पुन्हा आलं, हीच हकीकत, अशीच घाई, आणि त्याच्याही दोऱ्याला एकच गाठ असली, तर मला फोन करून तसं सांगू नकोस, बाळा. दुसरी गाठ तूच मार आणि दोन्ही पत्रं जपून ठेव.

तुझी वाट बघणारा, तुझाच
बाबा