अंड्यांच्या ट्रेमधले नटबोल्ट

प्रिय धाकट्या,

फोन केला असता, पण फोनवर तू "हं" आणि "बघू" यापलीकडे जात नाहीस, मग माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून कागद घेतला. गॅरेजच्या टेबलावर बसून लिहितोय, तेव्हा ग्रीसचे ठसे दिसले तर नाक मुरडू नकोस. येत्या गुरुवारी तू आईला डोळ्याच्या ऑपरेशनला तुझ्या गाडीतून नेणार आहेस. त्याच गाडीतून, जिचं पुढचं सगळं सस्पेन्शन आणि दोन्ही बाजूंचे ॲक्सल तू स्वतःच्या हातांनी, घराच्या अंगणात, पुस्तक उघडं ठेवून बदललेस. बाबा गेल्यापासून सहा वर्षं आई एकाही गाडीत बसली नव्हती. अशा बाईला बसवायचं कशात, तर ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या माणसाने जोडलेल्या गाडीत! आणि यावर थोरल्या भावाने, तीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेल्या भावाने, तोंडातून ब्र काढू नये, असं तुझं म्हणणं दिसतं. तर मी काढणार आहे.

शनिवारी मी आलो तो आईला भेटायला. फाटकातून आत शिरलो तर गाडी पुढून उचललेली, चाकं काढलेली आणि खालून दोन पाय बाहेर आलेले. मला वाटलं, चला, याला सुबुद्धी झाली, कुणी मिस्त्री बोलावलाय. मग तू सरपटत बाहेर आलास. चष्म्यावर आणखी एक चष्मा, गुडघ्यांना बांधलेल्या गाद्या, हातात मोजे. लढाईला निघाला होतास की काय? मागच्या चाकांना ठोकळे, जॅक असताना आणखी दोन स्टँड, आणि वर कडी म्हणजे काढलेली चाकं गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवलेली, का तर उद्या सगळंच ढासळलं तरी गाडी त्यांच्यावर पडावी, तुझ्यावर नाही. माझ्याकडचे मिस्त्री एका जॅकवर आयुष्य काढतात. हे सगळं शिकलास कुठे म्हणून विचारलं, तर म्हणालास की मॅन्युअल वाचलं आणि व्हिडिओ बघितले. पी हळद आणि हो गोरी!

आणि त्या अंड्यांच्या ट्रे! घरातल्या रिकाम्या ट्रे गोळा करून तू त्यांच्या एकेका खळग्यात एकेक नट, एकेक बोल्ट ठेवला होतास, आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी: डावीकडचा, वरचा, दुसरा. मी हसलो ते तुझ्या बायकोला आवडलं नाही, पण हसू नको तर काय करू? तुला आठवतं, तुझ्या सायकलची चेन पडली की तू ती तशीच ढकलत घरी आणायचास, पायरीवर पुस्तक घेऊन बसायचास आणि मी येऊन चढवेपर्यंत पान उलटत राहायचास. बाबा म्हणायचे, याच्या हातात पाना दिला तर हा नट सोडणार नाही, पान्यावर नाव-नंबर घालून कपाटात लावेल. त्यांचं भाकीत इतकं तंतोतंत खरं ठरेल असं वाटलं नव्हतं. शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगा, खालचे आर्म, दोन ॲक्सल, हे काम माझ्याकडे सकाळी घेतलं तर दुपारच्या जेवणाआधी गाडी बाहेर. तुला लागले पुरते दोन दिवस. स्प्रिंग दाबायचा शिकंजा तर तू असा फिरवत होतास, जणू आत साप बसलाय. दोन फेरे डावीकडे, दोन फेरे उजवीकडे, मग मागे सरून बघायचं, मग पुन्हा दोन फेरे. आईला मी म्हटलं, हा गाडी दुरुस्त करत नाहीये, गाडीची शुश्रूषा करतोय.

मुळात हा खटाटोप कशासाठी? वळताना गाडी कट्कट् वाजत होती, ॲक्सलचं रबर फाटून ग्रीस चाकावर उडालं होतं, हे मान्य. पण सख्खा भाऊ गॅरेजवाला असताना? काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहा वर्षांत तू एकदाही गाडी माझ्याकडे आणली नाहीस. साधं ऑइल बदलायलासुद्धा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलास. लोक मला विचारतात, धाकट्याची गाडी हल्ली दिसत नाही. मी सांगतो, साहेब मोठे झाले, त्यांना काचेचं ऑफिस असलेलं गॅरेज लागतं. तुझी वहिनी म्हणते, त्याच्या मनात काहीतरी आहे, एकदा विचारून टाका. मी तिला म्हटलं, पुस्तकी माणसाच्या मनात काय असणार? वाळवी.

रविवारी सकाळी मी पुन्हा आलो. मदत करायला आलो असं सांगितलं, ते खोटं होतं. तू तोंडावर आपटताना मला बघायचं होतं. एकदा तू रडकुंडीला येऊन "दादा, जरा बघ रे" म्हणावंस, एवढीच इच्छा होती. आणि तशी वेळ आलीच, असं मला वाटलं. खालच्या आर्मच्या रबरी बुशमधून जे बोल्ट जातात ते गाडी हवेत लटकत असताना कधी पुरते आवळायचे नसतात. आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. हे पुस्तकी पंडितांना ठाऊक नसतं, ते धंद्यात मार खाऊनच कळतं. तू ते बोल्ट लावलेस, पाना बाजूला ठेवलास आणि चाकं चढवायला लागलास. मी पायरीवर चहा पीत बसलो होतो. तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, फाटू दे. मग माझ्याकडेच येईल.

तू चाकं लावलीस, पुढची चाकं जाड फळ्यांवर टेकतील अशी गाडी उतरवलीस, चार वेळा बॉनेट दाबून गाडी झुलवलीस आणि पुन्हा खाली शिरलास. म्हटलं, आता काय? तर तू बुशचे बोल्ट आवळत होतास. आत्तापर्यंत ते नुसते हाताने अडकवलेले होते. अंड्यांच्या ट्रेमधली चिठ्ठी तुझ्या बायकोने मला दाखवली: "हे सगळ्यात शेवटी, गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना." मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. मी आत जाऊन पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन तुझ्या टॉर्क रेंचची टिंगल सुरू केली. ठराविक जोर झाला की कट्ट वाजणारा पाना! तीस वर्षांत मी असलं खेळणं हातात धरलं नाही. माझं मनगट मला सांगतं किती आवळलं ते. हे वाक्य मी तुझ्या अंगणात तीन वेळा म्हटलं, हे मी मोजलंय. तू एकदाही वर बघितलं नाहीस. कट्ट वाजलं की बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचास आणि पुढे सरकायचास.

आता त्या नटाबद्दल. चाकाच्या मधोमध, ॲक्सलच्या टोकाला जो मोठा नट असतो, तो एकदा सोडला की फेकायचा असतो. त्याची कड ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, आणि ती दुसऱ्यांदा तशी धरत नाही. तू दोन्हीकडे नवे नट लावलेस, बायकोला ब्रेकवर बसवून ते आवळलेस, कड ठोकलीस. इथवर ठीक. पण मग तू काढलेले दोन्ही जुने नट दगडावर ठेवलेस आणि घणाने ठेचलेस. एकदा नाही, पार चपटे होईपर्यंत. मी म्हटलं, हा कसला वेडेपणा, भंगारात टाक की. तू म्हणालास, "चुकून कुणी परत लावू नये म्हणून." माझ्याकडे न बघता म्हणालास. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तुला तिथेच चार शब्द सुनावले असते आणि सुटलो असतो.

तेवढ्यात आई बाहेर आली. हल्ली तिला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं, हे तुला माहीतच आहे. काठी टेकत गाडीपाशी आली, हाताने चाचपून दार शोधलं आणि पुढच्या सीटवर बसली. तू तिला म्हटलं नव्हतंस, मी म्हटलं नव्हतं. सहा वर्षं मी गावाला सांगत आलो की तिने गाडीची धास्ती घेतली आहे. दहा वेळा मी माझी गाडी तिच्या दारात आणून उभी केली, दहाही वेळा ती म्हणाली, चालत जाते. आणि रविवारी ती तुला म्हणाली, चल, एक फेरी मारून आण. मी धावत पुढे झालो, म्हटलं, आई, थांब, मी आधी एकदा सगळे नट तपासतो. ती म्हणाली, "तू नको." एवढंच. शेजारणीने वाढायला घेतलं तर आपण म्हणतो, तसं. तुम्ही दोघं गेलात. मी फाटकात उभा राहिलो. गाडी वळणावरून गेली आणि तिचा काही म्हणजे काही आवाज आला नाही.

तुझी टिंगल करायला मी तीन पानं खर्चली, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. बाबांच्या गाडीचा डावा ॲक्सल मी बदलला होता. चार गाड्या खोळंबल्या होत्या, बाबा घाई करत नव्हते, घाई मलाच होती. नवा नट ॲक्सलच्या खोक्यातच होता, छोट्या पिशवीत. मी पिशवी डांगरीच्या खिशात टाकली, हातात आलेला जुनाच नट फिरवला, मनगटाने आवळला आणि छिन्नीचा एक ठोका दिला. नवव्या दिवशी वळणावर चाक सुटलं. बाबांना पोचवून आल्यावर खुंटीवरच्या डांगरीच्या खिशात हात घातला तर पिशवी तशीच, न फोडलेली. मी सगळ्यांना सांगितलं की माल खराब होता. ज्या पार्टवाल्याने तो ॲक्सल दिला त्याला मी चारचौघांत शिव्या घातल्या, त्याचं गिऱ्हाईक तोडलं, आणि तो बिचारा बाबांना खांदा द्यायला आला होता. तुला हे कधी कळलं, आईला कसं कळलं, मी विचारणार नाही. तुम्ही दोघांनी सहा वर्षं मला एका शब्दाने दुखावलं नाहीत, आणि मी त्याला तुमचा शिष्टपणा समजत राहिलो. उद्या सकाळी मी त्या पार्टवाल्याच्या दुकानात जाणार आहे. गिऱ्हाईकं असतील तेव्हाच जाणार, कारण शिव्याही मी गिऱ्हाइकांसमोरच दिल्या होत्या. आईसमोर मात्र माझ्याने बोलवणार नाही. गुरुवारी तिला तुझ्याच गाडीतून ने. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी असेल, तेव्हा तिच्याजवळ बसून हे वाचून दाखव. वरची मस्करी गाळलीस तरी चालेल, पण हा परिच्छेद आहे तसा वाच, माझी बाजू घेत थांबू नकोस. तिची पट्टी निघेल आणि मी तिला पुन्हा स्वच्छ दिसायला लागेन, त्याआधी तिने हे ऐकलेलं असावं.

तुझाच,
दादा