मोज्याच्या पोटात बघ

वहिनी,

तुझ्या चिमणीला घेऊन चौकातल्या मोठ्या दवाखान्यात जातेय. तुझा फोन बंद लागतोय, म्हणून चिठ्ठी. आल्या आल्या घाबरू नकोस, ते काम मी करतेच आहे.

सकाळी आम्ही बर्फाचा खेळ मांडला होता. परातीत कापसाचा बर्फ आणि दादाच्या पांढऱ्या मोज्याचा, तोंडाला भोक ठेवलेला स्नोमॅन. चिमणी त्याला चिमटीने कापूस भरवत होती. एक घास त्याला, एक खोटा खोटा आपल्याला, हे मीच शिकवलं. उजेड हवा म्हणून बर्फात खेळण्यातला छोटा दिवा ठेवला. बेल वाजली म्हणून दाराशी गेले, परत येते तर दिवा उघडा आणि आतली बटणाएवढी बॅटरी गायब.

कुणी खाल्ली विचारलं तर एकदा स्नोमॅनकडे बोट दाखवते, एकदा स्वतःच्या पोटावर हात ठेवते. रडत नाही, खोकत नाही, हसतेय. मला तेच बघवत नाहीये.

एक्स-रे काढतीलच, पण तू आधी मोजा काप. सगळा कापूस पिंजून बघ. सापडली तर तिथूनच फोन कर.

नाही सापडली तर फोन करू नकोस. सरळ निघून ये.